सूर्यचुलीचं झाकण

गोष्ट फार जुनी नाही, पण नेमकी कुठल्या गावची हे विचारलंत तर कुणाला सांगता येणार नाही. माळावरचं एक गाव होतं आणि त्या गावात भागोजी नावाचा एक आचारी होता. हाताला अशी चव, की त्याच्या पंगतीला बसलेला माणूस दुसऱ्यांदा भात मागितल्याशिवाय उठायचा नाही. पण या गुणी माणसाला एक खोड होती. त्याला कुणाला 'नाही' म्हणता यायचं नाही.

म्हणजे अगदीच यायचं नाही. लग्नाच्या ऐन गडबडीत शेजाऱ्यानं येऊन झारा मागितला, की हा झारा देऊन मोकळा, आणि मग बुंदी कशानं पाडायची म्हणून डोकं खाजवत उभा. एकाच दिवशी दोन घरची बोलावणी आली तर दोघांनाही 'येतो की' म्हणायचा आणि दोघांच्याही शिव्या खायचा. त्याची बायको मथुरा वैतागून म्हणायची, "देवानं तुम्हाला जीभ दिली, ती नुसती आमटीची चव बघायला." भागोजी हसायचा. यावरही त्याला 'नाही' म्हणता यायचं नाही.

गावाला लागून वनाईदेवीची राई होती, म्हणजे देवीच्या नावाचं रान, आणि तिच्या तोंडाशी देवीचं देऊळ नि समोर दगडी दीपमाळ. दर वर्षी चैत्रात सगळं गाव राईपुढच्या माळावर एकत्र जेवायचं. देवीला नैवेद्य दाखवायचा आणि उघड्यावर पंगत मांडायची, असा हा राईजेवणाचा दिवस. त्या दिवशीच्या चुलीला लाकूड राईतलंच लागायचं. दर वर्षी एक झाड पडायचं.

दुसरी रीत मुठीची. प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यानं आपल्या घरचे मूठभर तांदूळ स्वतःच्या हातानं सामाईक पातेल्यात टाकायचे, आत डोकावून बघायचं आणि हात जोडायचे. मूठ पडली की त्या घरचं वर्षभराचं अन्न देवीच्या नजरेखालून गेलं, असं लोक मानायचे. लाकडाच्या चुलीवर भात रटरटत असायचा, कुणी लवकर आलं काय नि उशिरा आलं काय, काही बिघडायचं नाही.

झाडं पडत गेली तशी राई विरळ झाली. राईच्या पोटात एक झरा होता, तोही बारीक होत गेला. शेवटी झऱ्याच्या तोंडावरची एक जुनी जांभूळ तेवढी मोठी म्हणावी अशी उरली. बाकी सगळी हाताच्या मनगटाएवढी रोपं. यंदा पाळी जांभळीची आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

भागोजीला मात्र त्याची काळजी लागली होती. दर वर्षी कुठलं झाड चांगलं जळेल हे तोच दाखवायचा, कारण आचारी तो. मागच्या वर्षी ऐनाचं झाड पाडलं आणि वैशाखात झऱ्याची करंगळीएवढी धार उरली. मथुरा एक घागर भरायला अर्धा दिवस तिथं बसून राहायची. जांभूळ गेली तर ती धारही जाणार, आणि मग पाण्यासाठी डोंगरापलीकडे जावं लागणार. झाड आपल्याच बोटानं पडणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

अशात त्याला लांबच्या एका मठात स्वयंपाकाला बोलावणं आलं. तिथं त्यानं पहिल्यांदा सूर्यचूल पाहिली. लाकडाची बुटकी पेटी, आतून काळी, वर काचेचं झाकण, आणि झाकणाला उन्हाकडे तोंड करून उभा केलेला आरसा. ना जाळ, ना धूर. सकाळी आत डाळ-तांदूळ ठेवले होते आणि दुपारी मठाच्या आचाऱ्यानं त्याला त्यातलाच भात वाढला. एकेक शीत सुटं, तरी मऊ. भागोजीनं भात बोटांनी चुरून बघितला, वास घेतला, आणि मग पेटीभोवती एक फेरी मारली.

"कसं करता हे?" त्यानं विचारलं.

"मी कुठं करतो," मठाचा आचारी म्हणाला. "ऊन आत शिरतं, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पेटी तापत जाते. मी फक्त एक करतो. झाकण लावलं की उघडत नाही. उघडलं की सकाळपासून साठलेली ऊब एका दमात निघून जाते, आणि ती परत साठायला बराच वेळ जातो. त्यामुळं शिजेपर्यंत मला झाकण दिसतच नाही, असं समजायचं."

भागोजी गावी आला तो थेट पाटलांकडे गेला. गाव गोळा झालं. ऊन अन्न शिजवतं म्हटल्यावर काही लोक हसले. पाटील हसले नाहीत, पण त्यांनी जबाबदारीचा माणूस बोलतो तसं बजावलं, "भागोजी, तुझ्या शब्दावर यंदा करून बघू. पण देवी उपाशी राहता कामा नये. जेवण जमलं, तर जांभूळ राहील. नाही जमलं, तर त्याच दिवशी कुऱ्हाड लावायची आणि दिवस मावळायच्या आत लाकडावर भात करायचा. कबूल?"

"कबूल," भागोजी म्हणाला. कबूल म्हणणं त्याला कधीच जड गेलं नव्हतं.

सुतारानं पेट्या केल्या. पेटीत पेटी बसवून मधल्या जागेत भाताचं तूस ठासलं, आतला पत्रा काजळीनं रंगवला, वर दुहेरी काच. शिवाय आरशांचे तुकडे जोडून एक भलीमोठी परात केली. ती उन्हाकडे धरली की सगळं ऊन एका जागी गोळा व्हायचं आणि तिथं धरलेलं वांगं बघता बघता भाजून निघायचं. भागोजी-मथुरेनं घरच्या अंगणात एक पेटी लावून पाहिली. डाळ बोटानं दाबली की पीठ होत होती. मथुरा म्हणाली, "धूर नाही की फुंकणं नाही. माझे डोळे दुवा देतील तुम्हाला."

मग तिनं कामाचं विचारलं. "आणि मुठीचं काय? लोक दिवसभर येत राहणार. गुरवदादांना सांगून ठेवा, यंदा सगळ्यांच्या मुठी सकाळीच टोपलीत गोळा करा म्हणून."

"सांगतो," भागोजी म्हणाला. तो गुरवाच्या घरापर्यंत गेलाही. पण गुरव म्हणजे देवीचा पुजारी, वयानं मोठा माणूस. रीत बदला असं त्याला आपण कसं सांगायचं? भागोजी ओट्यावर बसला, पाणी प्यायला, पिकापाण्याचं बोलला आणि परत आला. मथुरेला म्हणाला, "होईल काहीतरी."

राईजेवणाचा दिवस उजाडला. आभाळ स्वच्छ, ऊन कडक. राईपुढच्या माळावर पेट्या ओळीनं मांडल्या, काळ्या पातेल्यांत भिजवलेले तांदूळ आणि डाळ घातली. सकाळी जे आले त्यांनी आपापल्या मुठी टाकल्या, हात जोडले. मग भागोजीनं झाकणं लावली, आरसे फिरवून उन्हात धरले आणि मोकळा श्वास सोडला. मथुरा भाजीची तयारी करायला राईच्या सावलीत गेली.

आता एक गंमत सांगतो. चूल पेटली की धूर दिसतो, जाळ दिसतो, पातेल्याचं रटरटणं ऐकू येतं. माणसाला कळतं की काम चाललंय. इथं तसलं काहीच नव्हतं. उन्हात पेट्या नुसत्या गप्प बसलेल्या. आणि गप्प बसलेल्यावर माणसाचा विश्वास लवकर बसत नाही.

पहिले पाटील आले. "भागोजी, सकाळी पाहुणे आले बघ, माझी मूठ राहिली. एकदाच उघड, टाकतो आणि जातो."

झाकण उघडायचं नसतं, हे भागोजीच्या ओठांपर्यंत आलं. पण समोर पाटील. त्यानं झाकण उचललं. आतली गरम वाफ त्याच्या तोंडावर आली आणि माळावरच्या वाऱ्यात मिसळून गेली. पाटलांनी मूठ टाकली, डोकावले, हात जोडले आणि समाधानानं निघून गेले.

मग गुरव आला. नैवेद्याचं अन्न आहे, सोवळ्यात ठेवलंय ना, एवढं एकदा डोळ्यांनी बघू दे म्हणाला. मग सुतार आला. "माझ्या हातची पेटी, आतली फळी तडकली नाही ना, बघू दे की एकदा." सुताराला कसं नाही म्हणायचं, त्यानंच तर पेट्या केलेल्या. मग तेलीण आली, तिची मूठ. मग कुंभार आला, त्याची मूठ. तो गेला तर त्याचा भाऊ आला, कारण दोघे यंदाच वेगळे निघाले होते आणि आता मूठही वेगळी. काही जणांकडे मूठबीठ काही नव्हतं, त्यांना नुसतं बघायचं होतं. कधी या पेटीचं झाकण उघडलं, कधी त्या पेटीचं. प्रत्येक जण एकदाच म्हणायचा आणि खरोखर एकदाच बघून जायचा. माणसं काही वाईट नव्हती.

मथुरा विळी न्यायला म्हणून बाहेर आली तेव्हा तिनं हे पाहिलं. "अहो, काय चाललंय? नाही म्हणा की त्यांना."

"एवढ्यानं काय होतंय," भागोजी म्हणाला. पण काचेवर आतून वाफेचे थेंब धरायचे ते आता धरत नव्हते, म्हणजे पेटीत ऊब उरली नव्हती, हे त्याला दिसत होतं. त्यानं तिकडे बघायचं टाळलं.

दुपार झाली. पंगत मांडली, पत्रावळी पडल्या. भागोजीनं पातेलं बाहेर काढलं आणि पळी घातली. पळी भातात शिरेना. वरचे तांदूळ, म्हणजे उशिरा पडलेल्या मुठींचे, दगडासारखे कोरडे. खालचे अर्धेमुर्धे फुगलेले. डाळीच्या पातेल्यात डाळ तळाशी, पाणी वर. त्यानं दुसरी पेटी बघितली, तिसरी बघितली. सगळीकडे तेच.

पंगतीत कुजबूज सुरू झाली. "मी तेव्हाच म्हणत होतो, उन्हात काय शिजतंय." "पापड वाळतो उन्हात, भात होत नसतो." "देवीची थट्टा मांडली यानं." सकाळी पेट्यांचं कौतुक करून गेलेले लोकच हे बोलत होते.

पाटील उठले. ते रागावले नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "भागोजी, तुझं ऐकलं. आता जे ठरलं ते करू." त्यांनी खूण केली आणि दोन गडी कुऱ्हाडी घेऊन झऱ्याकडे निघाले.

भागोजीनं जांभळीकडे पाहिलं. बुंध्याशी मथुरेची घागर ठेवलेली होती, तिच्यात ती बारीक धार पडत होती. त्यातला एक गडी बुंध्याजवळ जाऊन कुऱ्हाड कुठं घालायची ते बघू लागला, तसा भागोजी धावत सुटला आणि झाड नि गडी यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला.

सगळी पंगत बघत राहिली. हा शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. खुद्द मथुरेच्या हातातलं वांगं खाली पडलं.

"काय नाही?" पाटलांनी विचारलं.

भागोजीनं हात मागे नेऊन बुंधा धरला. शब्द एकदा बाहेर पडल्यावर पुढचे आपसूक आले. "पाटील, उन्हाचा दोष नाही, पेट्यांचाही नाही. दोष माझा. झाकण उघडायचं नसतं हे मला ठाऊक होतं आणि मी ते सकाळपासून उघडत राहिलो. भिडेपोटी कुणाला काही बोललो नाही. तुम्हाला खरं वाटत नसेल तर एक करा. आज ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून झाकण उघडून घेतलं, त्यांनी उठून जरा पेट्यांपाशी यावं."

पाटील घुटमळले. मग तेच पहिले जाऊन पेटीपाशी उभे राहिले, कारण माणूस सरळ होता. त्यांच्यामागून गुरव गेला. मग सुतार, मग तेलीण, मग कुंभार नि त्याचा भाऊ. एकेक करत माणसं उठत गेली. जो उठे त्याला वाटे, आपण एकटेच असू. पेट्यांपाशी पोचल्यावर तो आजूबाजूला बघे आणि खाली मान घाली. होता होता पंगत जवळजवळ रिकामी झाली. पोरं तेवढी पत्रावळींसमोर बसून राहिली, कारण त्यांना कुणी झाकणाजवळ जाऊच दिलं नव्हतं.

मग पाटलांनी घसा साफ केला. "आता काय म्हणतोस?"

"ऊन अजून आहे," भागोजी म्हणाला. "देवळाच्या कळसाची सावली दीपमाळेला लागेपर्यंत मला वेळ द्या. तोवर कुणीही पेट्यांच्या वाऱ्याला यायचं नाही. सावली लागली आणि भात झाला नसला, तर कुऱ्हाड मी स्वतः घालीन."

पाटलांनी मान डोलावली. गड्यांनी कुऱ्हाडी बुंध्याला टेकवल्या. भागोजीनं झाकणं लावली, आरसे नव्यानं उन्हात धरले. मथुरेनं आरशांच्या परातीवर वांगी नि कांदे भाजायला घेतले आणि पोरांच्या हातात एकेक देऊन त्यांची तोंडं बंद केली. मोठी माणसं लांब सावलीत बसून राहिली. भुकेनं जांभया येत होत्या, पण उठायची कुणाची छाती नव्हती.

कळसाची सावली सरकत सरकत दीपमाळेच्या जवळ आली, आणि नेमकी तेव्हा येसूकाकू आली.

येसूकाकू म्हणजे भागोजीची चुलती. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, तिनंच त्याच्या हातात पहिली पळी दिली. आता तिच्यानं फार चालवत नव्हतं. गावाच्या पार टोकाच्या घरातून काठी टेकत, बसत-उठत ती एवढ्या उशिरा पोचली होती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घट्ट मिटलेली मूठ.

"भागू, उघड रे," ती म्हणाली. "माझी मूठ राहिलीय."

सगळ्यांचे डोळे भागोजीकडे लागले. त्यानं सावलीकडे पाहिलं. मग काकूच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या फटीतून तांदळाचा एकेक दाणा खाली पडत होता.

"काकू, आता उघडता येणार नाही."

"अरे, एवढीशी तर मूठ. लग्न होऊन आले तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. पुढच्या चैत्राला मी असेन नसेन."

पाटलाला नाही म्हणणं सोपं होतं, असं भागोजीला आता वाटलं. पेटीच्या काचेवर आतून थेंब धरले होते, मोठाले, भरलेले. झाकणावर हात ठेवायचा अवकाश, ते सगळं वाऱ्यावर जाणार होतं. तो काकूच्या पायाशी बसला.

"नाही काकू," तो म्हणाला. "तुझ्यासाठीसुद्धा नाही."

येसूकाकू वळली आणि सगळ्यांपासून दूर एका धोंड्यावर जाऊन बसली. मूठ तिनं उघडली नाही. भागोजी पेट्यांकडे तोंड करून उभा राहिला आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिला. त्या वेळी त्याच्याजवळ जायचं धाडस मथुरेलाही झालं नाही.

सावली दीपमाळेला लागली. पाटील उठून आले. भागोजीनं झाकण उचललं आणि पातेल्यात पळी घातली. पळी अलगद आत गेली. त्यानं भाताचं शीत बोटांत धरून दाबलं, मग पाटलांच्या तळहातावर ठेवलं. पाटलांनी ते तोंडात घातलं, पुन्हा हात पुढे केला, आणि मग गड्यांकडे वळून म्हणाले, "कुऱ्हाडी घरी ठेवून या. आणि येताना हात धुऊन या, पंगत बसतेय."

डाळ झाली होती, भात झाला होता. एखादा दाणा दाताखाली कचकचलाच, पण त्यावर कुणी तक्रार केली नाही. तो कुणाच्या मुठीतला हे ज्याचं त्याला ठाऊक होतं.

नैवेद्य झाल्यावर भागोजी पहिलं पान घेऊन येसूकाकूकडे गेला. तिनं पानाकडे पाहिलं नाही.

"तू मला नाही म्हणालास," ती म्हणाली.

"म्हणालो."

"वाईट वाटलं मला."

"मलाही वाटलं, काकू. पण उघडलं असतं तर ती जांभूळ गेली असती."

काकूनं मान वळवून झऱ्याकडे पाहिलं. तिथं मथुरा घागर उचलत होती. म्हातारीनं मुठीतले तांदूळ पदराच्या टोकाला बांधले, दोन्ही हात मोकळे केले आणि पान ओढून घेतलं. "मीठ कमी आहे," पहिला घास खाऊन ती म्हणाली. भागोजीनं पळत जाऊन मीठ आणलं.

पुढच्या चैत्रात राईजेवणाच्या दिवशी गाव जागं व्हायच्या आत दारांवर काठी वाजू लागली. येसूकाकू एका गड्याच्या डोक्यावर टोपली देऊन, ओट्याओट्यावर टेकत, घरोघर फिरत होती. पाटलांच्या दारात तिनं काठी जरा जोरातच आपटली. "मूठ आत्ताच काढा," ती म्हणाली. "मागाहून याल तर माझा भागू उघडायचा नाही. मला उघडलं नाही त्यानं, तुम्ही कोण?"

पाटील उघड्या अंगानंच तांदूळ आणायला आत पळाले. जांभूळ त्या वर्षीही झऱ्यावर उभी होती, आणि वैशाखात मथुरेची घागर न्याहारीच्या आत भरत होती.

या गोष्टीचं तात्पर्य म्हणाल तर एवढंच: प्रत्येकाचा शब्द राखायला गेलं की सगळ्यांचंच काम बिघडतं. वेळेवर म्हटलेलं 'नाही' जिवलगालाही टोचतं, पण सगळ्यांच्या पानात शिजलेलं अन्न त्यामुळंच पडतं.